तपासणीवाल्या म्याडम

मुग्धाचा फोन आला तेव्हा गोदावरीबाईंची गाडी दारात उभी होती. डिकीत पाण्याचा कॅन, मागच्या सीटवर शाल, आणि पुढे ड्रायव्हरशेजारच्या सीटवर मुग्धाच्या कंबरेसाठी मुद्दाम आणलेली छोटी उशी.

"गोदे, रागावू नकोस हं. बाळाला रात्रीपासून ताप आहे. सुनेला सुट्टी मिळत नाही. पुढच्या महिन्यात नक्की येते."

हा चौथा पुढचा महिना होता.

गोदावरी औंढेकर आणि मुग्धा चौसाळकर लातूरच्या एका मुलींच्या शाळेत एकोणतीस वर्षं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसल्या. गोदावरीबाई गृहविज्ञान शिकवायच्या, मुग्धा गणित. मधल्या सुट्टीत डबे उघडले की मुग्धाच्या डब्यात काहीतरी झणझणीत असायचं आणि गोदावरीबाईंच्या डब्यात उकडलेला दुधीभोपळा. घरी वडील हृदयविकाराचे. अकरा वर्षं त्या घरात एकच भाजी झाली, बिनतेलाची, जवळजवळ बिनमिठाची. वडिलांना वाईट वाटू नये म्हणून बाईही तीच खायच्या. लग्न राहून गेलं होतं, त्यामुळे तिसरं कुणी खायला नव्हतंच.

"रिटायर झालो की गाडी घ्यायची," मुग्धा म्हणायची, "आणि निलंगा, उदगीर, देगलूर, नांदेड, सगळे गाडे पालथे घालायचे. तुझी जीभ जागी करायची मला."

रिटायर झाल्यावर मुग्धा मुलाकडे पुण्याला गेली. गोदावरीबाईंनी मात्र सत्तावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकून खरंच गाडी घेतली होती. भाद्रपदात वडील गेले. त्यानंतर भाजीत मीठ घालायला कुणाची हरकत नव्हती, पण भाजी करायलाच हात उठत नव्हता. डिसेंबर लागला तरी त्या दूध-पोळीवर दिवस काढत होत्या.

"मी निघतेय," त्या फोनवर म्हणाल्या.

"एकटी? अगं, खाणार कुणाबरोबर?"

"तोंड तर माझंच आहे ना."

बोलून तर गेल्या. पण फोन ठेवल्यावर स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ तशाच बसल्या. समोरच्या घरातल्या बाईंनी विचारलं, "कुठं निघालात का?" तेव्हा उत्तर द्यायचं म्हणून त्यांनी किल्ली फिरवली.

निलंग्याला पोचेपर्यंत अकरा वाजले. बसस्टँडजवळ बालाजी नावाच्या माणसाचा राईसचा गाडा होता. नाव गाड्यावरच रंगवलेलं. मोठ्या कढईत पिवळाधमक भात, लसणाचा वास रस्त्याच्या पलीकडे येत होता. गोदावरीबाई गाड्याशी गेल्या आणि सवयीने कढईत वाकून बघितलं. एकोणतीस वर्षं मुलींच्या शेगड्यांवर वाकून बघितलेली बाई ती. तोंडातून प्रश्नही तसेच निघाले.

"तेल कुठलं वापरता? पाणी कशाचं? भात सकाळचाच आहे ना?"

बालाजीचा झारा जागीच थांबला. "सकाळचाच हाय म्याडम. सात वाजता लावला. पाणी जारचं हाय." मग जरा थांबून, "एकल्याच आलात?"

"हो, एकटीच."

त्याने प्लेट दोनदा पुसली, भात डोंगरासारखा वाढला, वर लिंबू पिळून दिलं. बाई गाड्याच्या बाजूला स्टुलावर बसल्या. पहिला घास तोंडात गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांनी जिभेला तिखट लागत होतं. शेजारी मुग्धा असती तर दोघी हसल्या असत्या. नाक पुसून त्यांनी पर्समधून वही काढली. मुग्धाला सांगायचं म्हणून लिहिलं: लसूण भरपूर, मिरची हिरवी, भात मोकळा, तेल जरा जास्त. अर्ध्याहून अधिक भात उरला. पूर्वी उरलेलं मुग्धा संपवायची.

पैसे द्यायला गेल्या तर बालाजी हात मागे घेऊन उभा. "ऱ्हाऊ द्या म्याडम. तुमच्याकडून काय घ्यायचं?"

"का बरं? मी काय पाहुणी आहे?" त्यांनी नोट गाड्यावर ठेवली. बाई माणूस एकटी बघून चांगुलपणा केला असेल, असं त्यांना वाटलं. बरंही वाटलं.

"आता कुठं जाणार?" त्याने विचारलं.

"उदगीर. उद्या देगलूर."

त्याने मान डोलावली. गाडी वळवताना बाईंना आरशात तो फोन कानाला लावलेला दिसला, पण त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं.

उदगीरला पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. मिरची भज्यांचा एक गाडा मुग्धाने नकाशावर खूण करून पाठवला होता. तिथे गर्दी असेल असं ती म्हणाली होती. गर्दी होती, पण गाड्यापासून दहा पावलं लांब. गाडेवाला डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी आणि हातात मोजे घालून उभा. टोपीची घडी अजून मोडलेली नव्हती. कढईतलं तेल नव्या तुपासारखं स्वच्छ. समोर लांब बाकडं होतं, त्यावर तिघं बसले होते. बाईंना बघताच गाडेवाल्याने त्यांना उठवलं.

"उठा उठा, म्याडमला बसू द्या."

"अहो, बसू द्या त्यांना. मी टोकाला बसते."

"न्हाई न्हाई, तुमी निवांत बसा."

तिघं प्लेटा घेऊन भिंतीशी गेले. बाई सहा माणसांच्या बाकड्यावर एकट्या बसल्या. भजी गरम होती, मिरचीच्या पोटात चिंच आणि ओवा भरलेला. छान लागत होती, पण सगळे आपल्याकडे बघतायत आणि आपण बघितलं की मान वळवतायत, हे त्यांच्या लक्षात येत होतं. एकट्या बाईला बघतात लोक, त्यांनी मनाशी म्हटलं. सवय करायला हवी. वही काढून दोन ओळी लिहिल्या तेव्हा भिंतीजवळचा एकजण फोन समोर धरून उभा होता.

संध्याकाळी लॉजच्या खोलीतून त्यांनी मुग्धाला फोन लावला.

"अगं, भजी काय होती म्हणून सांगू! आत चिंच आणि…"

"एक मिनिट हं गोदे. अहो, ते थर्मामीटर बघा ना कुठंय. हां, बोल. चिंच काय?"

"काही नाही. बाळाचं बघ आधी."

"करते हं नंतर."

नंतर फोन आला नाही. बाईंनी वाटही पाहिली नाही, निदान तसं स्वतःला बजावून लवकर दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास त्या देगलूरला पोचल्या. इथे बाजारात मराठीइतकीच तेलुगू आणि कन्नड कानावर पडते. इडलीच्या आंबवलेल्या पिठाची लहान गोल भजी इथे मिळतात, पुनुगुलू म्हणतात त्याला, आणि ती खायचीच असं मुग्धाने तीन वर्षांपूर्वी ठरवलं होतं. गाडी लावून बाई चालत गाड्यांच्या रांगेपाशी आल्या आणि थबकल्या. सात-आठ गाडे ताडपत्रीने झाकलेले. आठवड्याचा बाजार नाही, सण नाही, सकाळची नाश्त्याची वेळ, आणि सगळं बंद.

रांगेच्या टोकाला एक म्हातारी मात्र होती. नऊवारीचा पदर कंबरेला खोचलेला, कपाळावर एकेकाळच्या ठसठशीत कुंकवाची पुसट खूण. ती घाईघाईने एक मोठं पातेलं गटारीच्या तोंडावर तिरकं करत होती. पांढरं, फसफसलेलं पीठ गटारीत जात होतं.

"अहो! अहो, ओतताय कशाला?" गोदावरीबाई धावल्या.

म्हातारीने वळून पाहिलं आणि पातेलं तिच्या हातून सुटलं. ते घरंगळत बाईंच्या पायाशी आलं.

"न्हाई म्याडम, शिळं न्हाई. कालच्याला रात्री वाटलं. आंबट वास येतो म्हणून… ते तसंच असतंय. तुमी लिहू नका. कागद हाय माजा." तिने ब्लाऊजमधून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. हात इतका थरथरत होता की पिशवी उघडेना.

"कसला कागद? मी कशाला लिहू?"

समोर चहाचं दुकान होतं. ते चालवणारी नीलाबाई दारातून सगळं बघत होती. ती बाहेर आली. "म्याडम, आता लपवून काय फायदा? सगळ्यायला ठाव हाय तुमी तपासणीवाल्या हात म्हणून. कालपासून गाडेवाल्यायच्या ग्रुपवर फिरून राह्यलंय." आणि तिने फोन पुढे केला.

फोनवर एक फोटो होता. लांबलचक बाकड्यावर एकटी बसलेली बाई, चष्मा नाकावर घसरलेला, मांडीवर वही, शेजारी भज्यांची प्लेट. मागे भिंतीला टेकलेली माणसं तिच्यापासून लांब. खाली लिहिलं होतं: पांढरी गाडी. एकटी बाई. तेल बघते, पाणी विचारते, वहीत लिहिते. उद्या देगलूर. सावध.

गोदावरीबाई तो फोटो बघत राहिल्या. गैरसमजाचं हसू यायला हवं होतं. पण त्यांचे डोळे त्या बाकड्यावरून हलेनात. आपण अशा दिसतो तर. चार महिने घरात कसं चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं. इथे अख्ख्या जिल्ह्याने बघितलं होतं, आणि लोकांना त्यातून एवढाच अर्थ लागला होता, की अशी एकटी बाई खायला आलेली असूच शकत नाही.

"मी कुणी नाही हो," त्या म्हणाल्या. "शाळेत मास्तरीण होते. रिटायर झालेय. नुसती खायला आलेय."

"खायला?" नीलाबाई म्हणाली. "लातूरहून? एकल्या?"

"हो."

"मंग लिहिता काय?"

"मैत्रिणीला सांगायचं म्हणून. ती यायची होती. तिला जमलं नाही."

नीलाबाईचा विश्वास बसला की नाही कोण जाणे. ती "हाव का" म्हणून चहा बघायला आत गेली. म्हातारी मात्र बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग सावकाश तो गाड्याच्या परवान्याचा कागद परत ब्लाऊजमध्ये ठेवला, खाली बसली आणि गटारीकडे बघून म्हणाली, "अय्यो. समदं पीठ घालवलं की गं बाई मी."

तिचं नाव बसम्मा. ते पीठ म्हणजे तिचा दिवस होता. उडीद-तांदूळ भिजवायचे, संध्याकाळी वाटायचे, रात्रभर आंबवायचे. आता पुन्हा करायचं म्हटलं तर उद्या सकाळच उजाडणार. गोदावरीबाईंना आठवलं, नववीच्या वर्गाला दरवर्षी त्या फळ्यावर लिहून द्यायच्या: आंबणे म्हणजे नासणे नव्हे. आणि आज त्यांच्याच भीतीने एका म्हातारीने चांगलं आंबलेलं पीठ नासकं म्हणून ओतलं होतं.

"बेसनाचं काही करता येईल ना?" त्यांनी विचारलं. "त्याला भिजत घालायला नको."

"मिरची बज्जी हुईल. पन मिरच्या धुवायच्या, चिरायच्या, कोन करनार? माजा हात चालंना आता. बगा."

तिने दोन्ही हात पुढे धरले.

गोदावरीबाई बाजारात जाऊन बेसन आणि दोन किलो पोपटी मिरच्या घेऊन आल्या. पदर खोचला, उलट्या घमेल्यावर बसल्या आणि मिरच्या चिरायला लागल्या. देठ राखून पोटात एक उभी चीर, बी काढायचं नाही, फक्त मोकळं करायचं. बसम्माने बेसन कालवलं. कालवताना तिचे हात हळूहळू ताळ्यावर आले. बोटाने पीठ उचलून ती धार बघायची आणि पुन्हा पाण्याचा हबका मारायची. बाईंनी तोंड उघडलं होतं, मीठ किती घालता विचारायला. पण या वेळी त्यांनी प्रश्न गिळला.

"घरी कोन कोन हाय?" बसम्माने विचारलं.

"कोणी नाही."

"कोनीच?"

"वडील होते. भाद्रपदात गेले."

"मंग सयपाक कुनाला करता?"

गोदावरीबाईंनी एक मिरची चिरली, दुसरी उचलली. "करत नाही," त्या म्हणाल्या. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मुग्धालासुद्धा रोज, 'हो गं, वरण-भात केला होता' असंच सांगायच्या.

बसम्माला त्याचं नवल वाटलं नाही. "एका मान्साचं करायला लई जड जातंय," ती म्हणाली. "आमचे मालक गेल्यावर मी बी म्हयनाभर चूल पेटवली न्हाई. पोरं हैदराबादला. या म्हनतात, पन तिथं मला कोन वळकतंय? मंग ह्यो गाडा लावला. शंभर मान्साचं करते. त्यात माजं बी हुतंय."

"आता बरं वाटतं?"

बसम्माने विचार केला. "गिऱ्हाईक हाय तवर बरं वाटतंय," ती म्हणाली. "दुपारी गाडा बंद करून घरी गेलं की तेच." आणि तिने पिठात बुडवलेली पहिली मिरची तेलात सोडली.

बोटांची आग आग व्हायला लागली होती. बाईंना हात झटकताना बसम्माने बघितलं, पळीभर कच्चं तेल त्यांच्या तळहातावर ओतलं आणि न विचारता एकेक बोट चोळायला लागली, लहान मुलाचं चोळावं तसं, जोर लावून. वडील गेल्यापासून गोदावरीबाईंच्या हाताला कुणाचा हात लागला नव्हता. त्या मान खाली घालून हात पुढे धरून बसल्या. डोळ्यांत पाणी आलं तर मिरचीमुळे आलं म्हणता आलं असतं, पण बसम्माने तेही विचारलं नाही.

तपासणीवाली बाई बसम्माच्या गाड्यावर मिरच्या चिरतेय, ही बातमी रांगेत पसरायला वेळ लागला नाही. पलीकडच्या गाड्याची ताडपत्री निघाली, मग तिसऱ्याची. नीलाबाईने स्वतः येऊन दोन बज्ज्या खाल्ल्या आणि फोनवर मोठ्याने कुणाला तरी सांगितलं, "काय न्हाई रे, मास्तरीण हाय बिचारी. उघडा गाडे." त्या 'बिचारी'ला बाई नाही म्हणू शकल्या नाहीत.

साडेदहाला कर्नाटकातून एक बस आली आणि गाड्याला गर्दी पडली. बसम्मा एकदम वेगळीच बाई झाली. तेलुगूत एकाला दटावत होती, कन्नडमध्ये दुसऱ्याशी हसत होती, मराठीत तिसऱ्याला थांब म्हणत होती. गोदावरीबाईंनी दोनदा मदतीला हात पुढे केला, पण त्यांना कागद कुठे, चटणी कुठे ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा बसम्मा म्हणाली, "अक्का, जरा सरका." रागाने नाही; गर्दीत म्हणतात तसं.

त्या सरकल्या. मिळालेली बज्जी गाड्यामागे उभं राहून खाल्ली. चव चांगली होती, जरा मीठ कमी. हात धुतले, पर्स घेतली आणि निघताना वळून म्हणाल्या, "येते मी." बसम्मा तेव्हा तेलात वाकलेली होती. तिला ऐकू आलं नसावं. बाई क्षणभर थांबल्या, पुन्हा म्हणावं असं वाटलं, आणि मग न म्हणताच गाडीकडे गेल्या.

नरसीच्या फाट्यावर त्यांनी चहासाठी गाडी थांबवली. फोनवर मुग्धाचा निरोप होता: ताप उतरला. तू काय खाल्लंस? फोटो टाक.

गोदावरीबाईंनी फोटो टाकला नाही. फोन लावला.

"मुग्धा, एक विचारू? खरं सांगशील?"

"अगं, काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. तू येणार नाहीस ना गं? पुढच्या महिन्यात नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मुग्धाने शेगडी बंद केल्याचं ऐकू आलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"नाही जमणार गोदे. मला माहीत होतं. पण तुला कसं सांगू? तू गाडी घेऊन बसली होतीस. आणि मलाही… पुढच्या महिन्यात जायचंय असं म्हटलं की इथला दिवस निघायचा गं."

"मग सांगायचंस."

"तू तरी कुठं सांगतेस? वरण-भात केला म्हणतेस रोज. मला कळत नाही का, एकोणतीस वर्षं तुझा डबा बघितलाय मी."

दोघी फोन धरून बसल्या. इकडे फाट्यावर ट्रकांचे हॉर्न, तिकडे बाळ काहीतरी आपटत होतं.

"रागावलीस?" मुग्धाने विचारलं.

"नाही. पण आता मला तारीख देऊ नकोस. मी वाट बघते मग."

"बरं," मुग्धा म्हणाली, आणि ती रडत होती हे कळत होतं. "कुठे आहेस आत्ता?"

"नरसीला."

"परत फिरतेस?"

इथून मुखेडवरून अहमदपूर धरलं तर संध्याकाळपर्यंत लातूरला घरी पोचता आलं असतं. सरळ गेलं की नांदेड. "बघते," गोदावरीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायल्या. शेजारच्या सीटवरची उशी उचलून मागे शालीवर टाकली आणि नांदेडच्या रस्त्याला लागल्या.

नायगावच्या अलीकडे उसाने भरलेली एक ट्रॉली पुढे आली. दोन्ही बाजूंनी ऊस लोंबत होता, ट्रॅक्टर रांगत चालला होता. मागून गाड्या हॉर्न वाजवत पुढे निघून जात होत्या. ट्रॅक्टरवाल्याने हात बाहेर काढून बाईंनाही पुढे जायची खूण केली. रस्ता समोर मोकळा होता, पण त्या गेल्या नाहीत. नांदेडला कुणी वाट बघत नव्हतं, आणि मागे लातुरातही नाही. काच खाली करून उसाच्या ओल्या वासात त्या कितीतरी वेळ तशाच ट्रॉलीच्या मागे, तिच्याच चालीने जात राहिल्या.